मु. पो. गाडी

गेल्या अंकात आमच्या चाकावरच्या संसाराबद्दल लिहिलं आणि एवढी पत्रं, एवढे निरोप आले की संपादकांनी हे पानच माझ्या गळ्यात घातलं. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका, आमचे हे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सासर दारव्ह्याकडचं, माहेर आर्वीकडचं. यवतमाळचं घर भाड्यानं दिलं, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आतल्या सीटा काढून पलंग, ओटा, मोरी बसवून घेतली आणि आता बारा महिने तिच्यातच राहतो. मला वाटलं होतं लोक मायलेज विचारतील. बहुतेकांनी विचारलं ते नातेवाइकांबद्दल.

प्रश्न : आम्हीही निवृत्तीनंतर गाडीत राहतो. गावी मोठ्या दिरांकडे गेलो की रात्री गाडीतच झोपतो, कारण यांच्या कंबरेला ठरलेली गादी लागते. मागच्या वेळी जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमचं घर गळते का?" पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे. — एक भगिनी, समुद्रपूर, जि. वर्धा

जाऊबाईंचं बरोबर आहे आणि कंबरेचंही. दोन्ही सांभाळता येतं.

गावात पाहुणा आला की खरं बोलणं जेवणानंतर सुरू होतं. अंगणात बाजा पडतात, दिवे मालवतात आणि दिवसभर ओठांवर अडलेलं तेव्हा बाहेर येतं. सोसायटीचं कर्ज, कोणाच्या पोरीचं सासरी बिनसलेलं, वाटणीचा कागद. तुम्ही नऊ वाजता गाडीचं दार सरकवून आतून कडी लावली की जाऊबाईंचं नेमकं तेवढंच हुकतं. खोली रिकामी राहिली याचा राग नाही तो. म्हणून आमच्याकडे नेम आहे: पहिली रात्र घरात. कंबरेसाठी गाडीतली गादीच उचलून छपरीत नेऊन टाका. आम्ही तेच करतो, आणि गादी वाहून न्यायला गल्लीतली पोरं हौसेनं येतात. दुसऱ्या रात्रीपासून गाडीत झोपायचं तर खुशाल झोपा, पण ते रात्री दार लावताना सांगू नका. सकाळी चहाच्या वेळी, मोठ्यांच्या कानावर घालून मोकळं व्हा.

दुसरं, गाडीतली शेगडी बंद ठेवा. गोळ्या घ्यायच्या आधीचा घोटभर चहा वेगळा. माझ्या माहेरी एकदा मी आपली सकाळी सकाळी ह्यांच्यासाठी पोह्यांची फोडणी दिली, तर वहिनी खिडकीशी येऊन उभी. "ताई, तुमच्या गाडीतून फोडनीचा वास येऊन राह्यला. आमच्या चुलीले का सुतक लागलं का?" पोहे तसेच कढईसकट घरात गेले. झोपायची जागा वेगळी असलेली माणसं चालवून घेतात, चूल वेगळी मांडलेली चालत नाही. चूल वेगळी म्हणजे वाटणी झाली, एवढाच अर्थ आपल्याकडे निघतो.

तिसरं कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. पूर्वी पाहुण्याला परतीची तारीख असायची. शाळा उघडणार, रजा संपणार, एसटीचं रिझर्वेशन. आपल्याला तारीखच नसते. घरचा माणूस ते तोंडानं विचारू शकत नाही आणि मनातून तर डबे मोजत असतो: डाळ पुरेल ना, सिलिंडर कधीचं. तेव्हा उतरल्या उतरल्या, पाण्याचा तांब्या हातात असतानाच दिवस सांगून टाका. आपल्या मुलखात एक दिवस जास्त राहायचा आग्रह होतोच, त्याचाही मान ठेवावा लागतो. सोमवारी निघायचं असेल तर रविवार सांगा.

गाडी सगळ्यांना आतून दाखवा. लपवलेल्या वस्तूबद्दल गावात काय काय बोललं जातं! माझ्या सासूच्या धाकट्या बहिणीनं आमचे सगळे खण एकेक करून उघडून पाहिले, उशीखाली हात घातला, आणि मग मुद्द्याचा प्रश्न विचारला: "देव कुठी हायेत?" फ्रिजवरच्या फळीवरचे देव दाखवले तर ठीक, पण मोरीचं दार उघडून म्हातारी थबकली. संडास आणि चुलीत चार पावलांचं अंतर! त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावात असलो की तो संडास आम्ही वापरत नाही, एवढं सांगितल्यावरच तिनं गाडीत बसून चहा घेतला. तुम्हीही वापरू नका. ती टाकी रिकामी करायची कुठं, हा गावात भांडणाचा विषय होतो.

प्रश्न : नवीन कॅम्पर घेऊन पहिल्यांदाच वडिलांच्या गावी जातोय (घाटंजी तालुका). गाडी कुठं लावावी, वीज-पाणी कसं घ्यावं? मित्र म्हणतात, "सरळ शेतात लाव, मस्त मोकळं." — एक वाचक, ठाणे

मित्रांना काळी माती ठाऊक नाही. उन्हाळ्यात ती दगडासारखी असते, भेगांत हात जाईल इतकी फाकलेली. तेव्हा गाडी वावरात जातेही आणि उभीही राहते. मग रात्री एक सर येते. सकाळी पाहाल तर गाडी रुतलेली नसते, पण हलतही नाही. चिखल चाकाला चढतो, चाकाबरोबर फिरून मडगार्डच्या आत थापला जातो, थरावर थर, शेवटी चाक आणि मडगार्ड यांच्यात बोट शिरायला जागा उरत नाही. ॲक्सिलरेटर दाबाल तसा तो घट्ट होतो. सब्बल घेऊन खरवडावा लागतो, तो खाली पडला की पुन्हा त्याच चाकाला लागतो. ट्रॅक्टर गावात मिळेल, पण ओढायचं हूक गाडीला कुठं आहे हे निघायच्या आधी शोधून ठेवा. नव्या गाड्यांत ते सुटं असतं आणि टूलकिटमध्ये पडलेलं असतं. पांदणीचंही, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेचंही तेच. जिथं खडी-मुरूम पडला आहे तिथवर जा, पुढं पायी.

लावायला चांगली जागा म्हणजे मुरमाची. ग्रामपंचायतीपुढचं पटांगण, देवळाची बाजू, सुट्टीत शाळेचं मैदान. विचारून. सरपंचांना विचारलंत तर पोलीस पाटलांनाही सांगा, नाहीतर एकाचा पाहुणा दुसऱ्याला परका होतो. आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या जागी लावायची तर गुरं सुटायची आणि परतायची वेळ विचारून घ्या.

गावात शिरताना वर बघा. आमची गाडी वरच्या सोलरच्या पाट्यांसकट दहा फुटांना टेकते. कोणाच्या तरी स्मरणार्थ बांधलेली कमान बहुधा पार होते, अडचण असते ती खांबावरून घरात गेलेल्या वायरींची. त्या मधोमध झोळल्या असतात. आमचे हे उतरून पुढं चालत जातात, पस्तीस टनी ट्रेलरवाला गावात शिरल्यासारखे हातवारे करतात आणि मी हळूहळू गाडी आणते. हो, मीच चालवते. गावात तर मुद्दाम. अशा वेळी एखादा उत्साही पोरगा बांबू घेऊन वायर उचलायला धावतोच. त्याला आधी थांबवा. बांबू ओला असला, वायरचं वेष्टन उडालेलं असलं, तर काय होईल ते सांगायला नको. लाइनमनला बोलवा किंवा गाडी बाहेरच ठेवा.

वीज घरातून घ्यायची तर मोबाईल, दिवे, फार तर बॅटरी चार्जिंग. एक टनाचा एसी पूर्ण चालताना हजार-बाराशे वॅट ओढतो, आणि खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असतं. तुमच्या एसीपायी काकांचा कूलर घुं घुं करत बसला तर ते बोलणार नाहीत, पण काकू लक्षात ठेवतील. बिलाचे पैसे हातात देऊ नका, घेणार नाहीत. सिलिंडर भरून द्या, नाहीतर किराणा आणून टाका.

पाणी गावातून भरू नका. नळ रोज येतोच असं नाही, आणि तुमची टाकी म्हणजे त्या घराचे दोन दिवस. तालुक्याच्या ठिकाणी पेट्रोल पंपावर भरूनच गावाची वाट धरा.

प्रश्न : वर्षातून एकदाच विदर्भात येणं होतं. सगळे नातेवाईक भेटतील असा काळ कोणता? — एक दाम्पत्य, सध्या मुक्काम सुरत

मे महिन्यात येऊ नका. लग्नं असतात, सगळे भेटतात, सगळं मान्य. पण पत्र्याच्या गाडीत राहून बघा. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी पंचेचाळीसच्या वर जातात, नागपुरानं २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पाहिलेलं आहे. रात्री दहालाही गाडीची भिंत हाताला चटका देते. लग्नाला यायचंच असेल तर अक्षता टाकून चिखलदरा गाठा. साडेतीन हजार फुटांच्या वर आहे, रात्री चादर लागते. परतवाड्याकडून घाट चढताना इंजिन तापलं तर मध्ये थांबायला लाजू नका.

पोळा छान, पण त्या दिवशी गाडी आखरावर असता कामा नये. तिथं तोरण बांधतात, जोड्या उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी होतात. तुमची पांढरी गाडी मध्ये दिसली तर बैल बुजतील आणि गाव चिडेल. आदल्या संध्याकाळी या, खांदशेकणीला. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात ते नातवंडांनी ऐकावं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार हिंडतात. नातवंडं बरोबर असतील तर तो दिवस चुकवू नका. हा सण विदर्भाबाहेर सहसा बघायला मिळत नाही.

महालक्ष्म्यांना, म्हणजे गणपतीतल्या गौरींना, तर तुमची गाडी सोन्याची होते. ज्या घरी महालक्ष्म्या बसतात तिथं तीन दिवस सगळी भावकी गोळा, सोळा भाज्या, आंबील, पुरण, आणि झोपायला पाय ठेवायला जागा नाही. आम्ही पलंग दोन आत्यासासूंना देतो आणि स्वतः माजघरात वळकटी टाकतो. त्यांना पंखा मिळतो, मला सैपाकघराजवळची जागा. यंदा त्यांनी आधीच सांगून ठेवलंय की आमची खोली बुक आहे.

पण मला विचाराल तर सणाला येऊ नका, कामाला या. सणाला तुम्ही पंगतीतलं एक पान असता. दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनची सोंगणी-मळणी चालते, तेव्हा घरातलं कोणी तुमच्याशी धड बोलणार नाही. इथं मात्र आमची बंद शेगडी उघडते. घरातल्या बाया वावरात, मी गाडीत भाकरी-झुणका करते आणि डबा धुऱ्यावर पोचवते. त्याला अजून कोणी सुतक म्हटलेलं नाही.

त्यानंतर कापूस. पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही करतात, वावरात पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मग कमरेला ओटी बांधून बाया तासाला, म्हणजे कापसाच्या ओळीला लागतात. वेचणी हे बोलायचं काम आहे. हात चालू, तोंड चालू, नजरेला नजर भिडत नाही म्हणून अवघड गोष्टीही निघतात. माझी वहिनी दोन हातांनी दोन बोंडं रिकामी करते. मी एका हातानं धरते, दुसऱ्यानं ओढते, आणि वाळलेल्या पाकळ्यांची टोकं नखांच्या कडेला टोचून दुपारपर्यंत बोटं सोलून निघतात. माझा कापूस काडीकचऱ्यासकट येतो म्हणून ती तो परत निवडते, तेही मला हसत. मधल्या भावाशी आमचं वावराच्या हिश्श्यावरून बोलणं तुटलं होतं, ते तासातच सांधलं. पंगतीत ते झालं नसतं.

प्रश्न : माहेरून निघताना एवढं सामान देतात की गाडीत पाय ठेवायला जागा राहत नाही. नाही म्हटलं की आई रडते. — एक भगिनी, वरुड

वरुडचं म्हणजे संत्र्याचं पोतं असणार! माझ्याकडे तुरीची डाळ, जवस, हळद, कुरडया, आणि लोणच्याची ती चिनीमातीची बरणी जी कुठल्याही खणात मावत नाही.

नाही म्हणू नका. घ्या आणि पुढं पोचवा. आर्वीची डाळ आम्ही दारव्ह्याला उतरवतो, दारव्ह्याचे गहू पुसदच्या नणंदेकडे, तिथल्या कुरडया पुण्याला पोरीकडे. पण देणाऱ्याला लगेच फोन लावायचा आणि घेणाऱ्याला बोलायला लावायचं: "आई, तुमची डाळ पोचली, आजच वरण केलं." आई रडत नाही मग, उलट दोन घरं बोलती होतात. आमचे हे एसटीत असताना खेड्यातल्या मायबाप लोकांनी यवतमाळला शिकणाऱ्या पोरांसाठी दिलेले डबे रोज न्यायचे. कोणत्या डब्याचं झाकण सैल आहे हेही त्यांना पाठ असायचं. तेव्हा सवय जुनीच आहे. फक्त वजन मागच्या चाकांवर एका बाजूला येऊ देऊ नका, आणि बरणी मोरीत, बादलीत बसवा.

प्रश्न : आमचं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं. तेव्हा मी शाळेत होतो. आता गाडीतून फिरतो, एकदा तिथं जावंसं वाटतं, पण बघायचं काय? — एक वाचक, मूळ भंडारा जिल्हा

धरणाची पायाभरणी १९८८ ची, पाणी पुष्कळ वर्षांनी चढलं, म्हणजे तुमच्या बरोबरीची पोरं आज पुनर्वसनाच्या गावात बापे झालेली असतील. आधी तिथं जा. धरणाच्या भिंतीवर उभं राहून पाण्याकडे बोट दाखवाल तर अर्ध्या तासात तुमचं बघून संपेल. पुनर्वसनाच्या गावात कोणाच्याही ओसरीवर बसा आणि एवढंच विचारा, "आमच्या घराशेजारी कोण होतं हो?" म्हातारी माणसं गल्ली हातवाऱ्यांनी उभी करतात. इथं चावडी, इथं विहीर, इथून उतार नदीला. जमलं तर एक कागद घ्या आणि त्यांच्याकडून नकाशा काढून घ्या. दोन म्हाताऱ्यांत विहिरीच्या जागेवरून वाद झाला तर मध्ये पडू नका, त्या वादातच निम्मं गाव सापडतं.

जुन्या गावातला मारोती बहुतेक वस्त्यांनी उचलून नव्या जागी नेऊन बसवलाय. त्याच्यापुढं नारळ फोडा.

मग उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांच्यापैकीच कोणाला तरी सोबत घेऊन काठावर जा. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात, टरबुजाचे वेल असतात. तो कोणाचा तरी घास आहे, त्यात गाडी घालू नका. गाळ वरून वाळलेला दिसतो, आत ओला असतो, माणूसही मांडीपर्यंत जातो.

प्रश्न : माझं बालपण कारंज्याला गेलं. शकुंतला रेल्वे मुलांना दाखवायची आहे. बंद आहे म्हणतात. जावं का? — एक वाचक, पुणे

बंदच आहे. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला, कापसासाठी इंग्रजी कंपनीनं टाकलेली अडीच फुटी लाईन. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं, नंतर डिझेल आलं, मग गाडीच थांबली. रूळ अजून जागोजागी बाभळीत दिसतात.

जा, पण समृद्धीवरून कारंज्याला उतरून फोटो काढून परत चढू नका. समृद्धी नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर आहे, वेळ वाचतो, आणि त्या सबंध रस्त्यावर ओळखीचं कोणी भेटत नाही, हे आमच्या ह्यांचं दुःख. जुन्या रस्त्यानं दारव्हा मोतीबागेकडून या. स्टेशनच्या आसपासच्या पानठेल्यावर गाडी थांबवा आणि मुलांसमोर एखाद्या साठीच्या माणसाला विचारा की चालत्या गाडीतून उतरून पुन्हा कसं चढायचे. तो सांगेल. थोडं वाढवून सांगेल. मुलांना गंजके रूळ दाखवून काय कळणार आहे, त्यांना तो माणूस दाखवा.

प्रश्न : शिक्षक म्हणून जिथं पहिली नोकरी केली त्या खेड्यातल्या शाळेला भेट द्यावीशी वाटते. आगाऊ कळवावं की अचानक जावं? — निवृत्त मुख्याध्यापक, वाशीम

सर, कळवून जा. मी न कळवता गेले तर गाडी बघून हेडमास्तरांनी पोषण आहाराचं रजिस्टर काढून ठेवलं, तपासणी पथक आलं म्हणून. दुसऱ्या एका गावी तर फिरता दवाखाना समजून तीन म्हाताऱ्या रांगेत येऊन बसल्या होत्या. बीपीचं मशीन आमच्याकडे होतं, तपासून दिलं.

जूनमध्ये जाणार असाल तर लक्षात ठेवा, आपल्याकडच्या शाळा उन्हामुळं बाकी महाराष्ट्राच्या मागून, महिनाअखेरीकडे उघडतात. मार्चनंतर शाळा सकाळची असते, दुपारी पोचलात तर कुलूप. पट पाहून वाईट वाटेल, ते चेहऱ्यावर दिसू देऊ नका. "आमच्या वेळी चाळीस पोरं होती" हे वाक्य तिथल्या बाईंनी प्रत्येक पाहुण्याकडून ऐकलेलं असतं. चॉकलेटं वाटण्यापेक्षा एक तास घ्या. आणि तुमचे जुने विद्यार्थी शाळेत नाही, बाजाराच्या दिवशी बाजारात सापडतील. मला एकानं कांदे तोलता तोलता ओळखलं आणि पैसे घेतले नाहीत. मी त्याला दोनदा नापास केलं होतं.

प्रश्न : बहीण चिमूर तालुक्यात, जंगलाच्या काठी राहते. तिच्या वावरात गाडी लावून चार दिवस राहायचा बेत आहे. — एक वाचक, नाशिक

वावरात नाही. ताडोब्याच्या आजूबाजूच्या त्या पट्ट्यात वाघ-बिबट गावाच्या शिवारापर्यंत येतात, ही तिथल्या लोकांची रोजची चिंता आहे. गाडी वस्तीच्या आत, बहिणीच्या दारासमोर लावा. पहाटे आणि दिवेलागणीला एकट्यानं फिरायला जाऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बाया अंधारातच निघतात, वाकून वेचतात, तेव्हाच हल्ले होतात. बहीण जात असेल तर तिच्याबरोबर जा, चारपाच जणी मिळून, बोलत. वाघ दिसावा म्हणून भावजींना रात्री गाडीतून चक्कर मारायला लावू नका.

प्रश्न : नातेवाईक आम्हाला थट्टेनं "बेघर" म्हणतात, काहीजण "काठेवाडी" म्हणतात. मनाला लागतं. — एक भगिनी, अमरावती

काठेवाडी म्हटलं तर मला राग येत नाही. गुजरातेतून गाई घेऊन आपल्या मुलखात हिंडणारी ती माणसं कुठल्या नाल्याला कधी पाणी असतं हे आपल्यापेक्षा जास्त जाणतात, आमच्या ह्यांनी त्यांच्याकडून दोन मुक्काम शिकलेत. बंजाऱ्यांचे तांडे आपल्याच जिल्ह्यांतले. आणि अमरावतीत राहून तुम्हाला गाडगेबाबा मी काय सांगायचे? १९०५ साली घर सोडलं, दुसऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीपाशी, प्रवासातच गेले. त्यांच्याशी बरोबरी करण्याची माझी छाती नाही. पण पुढच्या वेळी कोणी बेघर म्हटलं तर त्यांना जेवायला बोलवा. गाडीत. चौघांच्या वर बसत नाहीत, म्हणून दोन पंगती करा.

प्रश्न : गाडी बदलून घेताना आणि शेती मागं ठेवून फिरताना कागदपत्रांचं काय? — अनेक वाचक

गाडीत पलंग-ओटा बसवला तर तो बदल आरसी बुकावर चढलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. न चढवता फिराल तर अपघाताच्या वेळी विमावाल्यांना हात वर करायला कारण मिळतं. बांधणाऱ्याकडून काम सुरू व्हायच्या आधी लेखी घ्या की आरटीओचं कोण बघणार.

शेती बटईनं दिली असेल तर ई-पीक पाहणी विसरू नका. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाईलवर करावी लागते आणि त्यासाठी फोन वावरात न्यावा लागतो, गोव्याच्या किनाऱ्यावरून ते होत नाही. नोंद राहिली की नुकसानभरपाईच्या वेळी सातबारा कोरा दिसतो. पुतण्याला आधीच सांगून ठेवा, आणि ओटीपी तुमच्या नंबरावर येणार असेल तर त्या दिवशी रेंज असलेल्या ठिकाणी मुक्काम करा. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला तसाच लक्षात ठेवावा. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पण आमचे हे दरवर्षी बँकेतच जातात. तिथं जुने कंडक्टर भेटतात.

डिझेल, बॅटऱ्या आणि गाडी बांधायचा खर्च यांवरच्या प्रश्नांना पुढच्या अंकात हे उत्तर देतील. त्यांना लिहायचा कंटाळा आहे, म्हणून ते सांगतील आणि मी उतरवून घेईन.